होमस्कूलमध्ये लॅटिन: अभ्यासक्रम कसा निवडायचा? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

अमेरिकेत मुलांना घरीच शिकवणाऱ्या मराठी आईवडिलांकडून लॅटिनबद्दल जे प्रश्न सतत येतात, ते इथे एकत्र केले आहेत. क्रम सोप्याकडून अवघडाकडे आहे. एका ठिकाणी सांगितलेलं पुन्हा सांगत बसण्याऐवजी त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. माझा एक हेका जागोजागी दिसेल, तो आधीच सांगते: पुस्तक निवडताना मुलाच्या आधी शिकवणाऱ्याचा विचार करा. रोज टेबलाशी बसणार कोण, त्याला किती वेळ आहे आणि त्याला कशाचा कंटाळा येतो, यावर अर्धी निवड तिथेच होते.

१. लॅटिन आता कुणी बोलत नाही. मग स्पॅनिश सोडून हे कशाला?

शेजाऱ्यांशी बोलता यावं, पुढे कामाला यावं हा हेतू असेल तर खुशाल स्पॅनिश घ्या.

होमस्कूलच्या जगात लॅटिन इतकं दिसतं ते 'क्लासिकल' शिक्षणाच्या लाटेमुळे. डॉरोथी सेयर्स या ब्रिटिश लेखिकेने १९४७ साली ऑक्सफर्डला एक भाषण दिलं. मध्ययुगातली व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व ही शिक्षणाची त्रयी परत आणावी असं त्यांचं म्हणणं होतं, आणि त्यातल्या व्याकरणाच्या टप्प्यासाठी त्यांनी लॅटिनचा आग्रह धरला. पुढे अमेरिकेतल्या होमस्कूलवाल्यांनी ते भाषण उचलून धरलं.

फायदा खरा आहे. इंग्रजीतले मोठे शब्द उलगडतात, वैद्यकातली आणि कायद्यातली परिभाषा परकी वाटत नाही, आणि वाक्याची रचना डोळ्यांना दिसायला लागते. 'लॅटिनमुळे एसएटीचे (कॉलेज-प्रवेशासाठीच्या परीक्षेचे) गुण वाढतात' या जाहिरातीवर मात्र घर बांधू नका. लॅटिन घेणारी मुलं बहुधा आधीपासूनच वाचणारी असतात, त्यामुळे त्या गुणांचं सगळं श्रेय लॅटिनला देता येत नाही.

२. आम्हा दोघांनाही लॅटिनचा गंध नाही. शिकवता येईल का?

येईल. बहुतेक होमस्कूल पुस्तकं असेच पालक डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असतात. अट एवढीच की तुम्ही मुलाच्या एक धडा पुढे राहायचं.

घेण्याआधी तीन गोष्टी तपासा. सगळ्या स्वाध्यायांची पूर्ण उत्तरं असलेली पुस्तिका आहे का? उच्चारांचं रेकॉर्डिंग किंवा व्हिडिओ आहे का? आणि मधला एखादा धडा तुम्हाला एकट्याने वाचून समजतो का? प्रकाशकांच्या संकेतस्थळावर नमुन्याची पानं असतात. पहिला धडा सगळ्यांचाच गोड असतो, म्हणून दहाव्या-पंधराव्या धड्याचं पान शोधा. ते वाचून डोकं धरावंसं वाटलं तर पुस्तक कितीही नावाजलेलं असो, ते तुमच्या घरासाठी नाही.

३. कितव्या वर्षी सुरू करावं?

मूल इंग्रजी सहज वाचायला लागल्यावर. त्याआधी गाणी, चार शब्द, प्राण्यांची नावं एवढंच ठेवा. नऊ-दहाचं वय उत्तम, कारण पाठांतराची खोड अजून टिकून असते आणि कर्ता-कर्म समजायला लागलेलं असतं. तेराव्या वर्षी सुरुवात केली तरी उशीर झालेला नसतो. लहानपणी तीन वर्षांत रांगत केलेला भाग तेरा वर्षांचं मूल वर्षभरात उरकतं. 'बस चुकली' या भीतीपोटी सहा वर्षांच्या मुलाला रूपं घोकायला लावू नका.

४. काही पुस्तकं व्याकरणाने सुरू होतात, काही गोष्टीने. यातलं बरोबर कोणतं?

सगळ्यात जास्त वादावादी याच प्रश्नावर होते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

व्याकरण-पद्धत म्हणजे आपण शाळेत 'देव' शब्द चालवायचो तीच. पुएल्ला, पुएल्लाय, पुएल्लाय, पुएल्लाम, पुएल्ला. आधी तक्ता पाठ, मग शब्द, मग छोटी वाक्यं, आणि खरा उतारा बऱ्याच उशिरा. मेमोरिया प्रेसची 'फॉर्म' मालिका, जेझुइट फादर हेन्ले यांची पुस्तकं आणि व्हीलॉक यांचं पुस्तक ही सगळी या घराण्यातली.

वाचन-पद्धतीत पहिल्या दिवसापासून वाक्यं वाचायची, व्याकरण त्यातूनच गोळा होत जातं. डॅनिश शिक्षक हान्स ऑर्बर्ग यांच्या 'लिंग्वा लातिना पेर से इल्लुस्त्राता' या पुस्तकाचा पहिला भाग 'फामिलिया रोमाना' हा याचा टोकाचा नमुना. त्याची ३५ प्रकरणं आहेत आणि धड्यांत इंग्रजीचा एक शब्दही नाही. 'रोमा इन इतालिया एस्त' या वाक्याने सुरुवात होते, शेजारी नकाशा असतो, समासात चित्रं आणि खुणा असतात, आणि मूल अर्थ लावत जातं. पहिली काही प्रकरणं पाण्यासारखी वाहतात. पुढे चढ लागतो, आणि ज्याला रूपं येत नाहीत तो तिथे अंदाजाने वाचायला लागतो.

'केंब्रिज लॅटिन कोर्स' ही मधली वाट. १९७० पासून चालत आलेला हा ब्रिटिश अभ्यासक्रम पॉम्पेईतल्या कायकिलियस नावाच्या सावकाराच्या घरात सुरू होतो. गोष्टी खरोखर चांगल्या आहेत. पहिल्या पुस्तकाच्या शेवटी व्हेसुव्हियस फुटतो, हे हळव्या मुलांच्या आयांना आधीच सांगून ठेवलेलं बरं. व्याकरण मात्र पातळ आहे, वरून सरावाची जोड द्यावी लागते.

आता माझं मत. शिकवणाऱ्याला लॅटिन येत नसेल तर व्याकरण-पद्धत जास्त सुरक्षित, कारण तिथे उत्तर बरोबर की चूक हे पुस्तिकेत पाहून कळतं. वाचन-पद्धतीत मुलाने लावलेला अर्थ खरा आहे की रचलेला, हे ओळखायला जाणकार लागतो. पण तक्त्यांनी कोमेजणारी मुलं असतात आणि तक्त्यांना कंटाळणारे आईबाबाही असतात. त्यांनी ऑर्बर्ग घ्यावं आणि सोबत जीन न्यूमन यांचं इंग्रजीतलं मार्गदर्शक पुस्तक ठेवावं. जमलं तर कणा व्याकरणाचा आणि आठवड्यातून एक दिवस गोष्टींचा, ही जोडी मला सगळ्यात टिकाऊ वाटते. दोन्ही पुस्तकं पूर्ण करायचा अट्टहास मात्र नको. त्याने दोन्ही अर्धी राहतात.

५. सात ते नऊ वर्षांच्या मुलासाठी नेमकं काय घ्यावं?

गाणी आवडत असतील तर क्लासिकल अकॅडमिक प्रेसचं 'साँग स्कूल लॅटिन'. शिस्तीत, वहीत लिहून पुढे जाणाऱ्या घरांना मेमोरिया प्रेसचं 'प्रिमा लातिना' जमतं (त्यातल्या प्रार्थनांबद्दल प्रश्न ९ पाहा). गंमत हवी असेल तर 'मिनिमस': रोमन ब्रिटनच्या उत्तर सीमेवरच्या विंडोलांडा किल्ल्यात राहणारा उंदीर आणि त्या किल्ल्यातलं कुटुंब यांची ही चित्रकथा आहे. कुटुंब कल्पित नाही. विंडोलांडाच्या उत्खननात लाकडी पातळ फळ्यांवर शाईने लिहिलेली पत्रं सापडली, त्यांतली नावं तिथे आहेत. वाढदिवसाचं एक निमंत्रणही त्यात आहे. 'मिनिमस'मधून व्याकरण फारसं बसत नाही, गोडी लागते. या वयात तेवढं पुष्कळ झालं.

६. दहा ते तेरा या वयासाठी?

या वयातली निवड पुढची पाच वर्षं ठरवते. मेमोरिया प्रेसचं 'फर्स्ट फॉर्म' घेतलंत तर त्यामागून सेकंड, थर्ड, फोर्थ असा सरळ जिना आहे. धडे आखीव आहेत, उजळणी भरपूर, व्हिडिओ मिळतात, आणि रोज तेच ते करणं ज्या मुलांना आवडतं ती खूश असतात. 'लॅटिन फॉर चिल्ड्रन' त्यापेक्षा रंगीत आहे, रूपं ताला-सुरात म्हणवून घेतं, आणि पुढे 'लॅटिन अलाइव्ह'ला जोडतं.

पालकालाच धास्ती वाटत असेल तर विल्यम लिन्नी यांचं 'गेटिंग स्टार्टेड विथ लॅटिन' आधी करा. एका धड्यात एकच नवी गोष्ट आणि तिच्यावरची थोडी वाक्यं, बस्स. आई, बाबा आणि मूल तिघं मिळून हे पुस्तक करू शकतात. ते संपल्यावर मोठा अभ्यासक्रम निवडला तर निवड डोळसपणे होते. कोणतंच पुस्तक ठरत नाही म्हणून महिनोन् महिने परीक्षणं वाचत बसलेल्यांना मी हेच सुचवते.

७. मुलगी नववीत आहे, आत्ताच सुरू करतोय. व्हीलॉक की हेन्ले?

व्हीलॉकची ४० प्रकरणं आहेत. १९५६ साली आलेलं हे पुस्तक मुळात दुसऱ्या महायुद्धावरून परतलेल्या आणि सरकारी योजनेतून कॉलेजात बसलेल्या प्रौढांना शिकवताना तयार झालं. त्यामुळे ते वाचकाला मोठं माणूस समजतं: स्पष्टीकरण आटोपशीर, वाक्यं सिसेरो-कॅटलस या रोमन लेखकांच्या वळणाची, लाड नाहीत. वाचनाची सवय असलेल्या पंधरा वर्षांच्या मुलीला ते आवडू शकतं. दहा वर्षांच्या मुलाला 'हुशार आहे' म्हणून देऊ नका.

हेन्ले १९४० च्या दशकातलं. शब्द थोडे आणि सराव अमाप, सगळा रोख सीझरच्या युद्धवृत्तान्ताकडे. स्वस्त आहे, उत्तरपुस्तिका मिळते. लढाया, सेनापती आणि ख्रिस्ती मजकूर जागोजाग आहे. पाया पक्का होतो, पण रस टिकवणं तुमच्यावर.

वेळ कमी आणि मूल स्वतंत्र अभ्यास करणारं असेल तर व्हीलॉक. घाई नसेल, मूल धरसोड करणारं असेल आणि त्याला उजळणीची गरज असेल तर हेन्ले.

८. उच्चार कुठला शिकवायचा? एका व्हिडिओत 'किकेरो' म्हणतात, दुसऱ्यात 'चिचेरो'.

दोन्ही बरोबर. नाव सिसेरोचंच आहे: 'किकेरो' हा अभ्यासकांनी पुन्हा जुळवलेला प्राचीन रोमन उच्चार, 'चिचेरो' हा चर्चमधला, इटालियन वळणाचा. पहिल्यात 'सी' हे अक्षर नेहमी 'क', 'ए-ई' ही जोडी 'आय'. दुसऱ्यात 'ई' आणि 'आय' या स्वरांआधी 'सी'चा 'च' होतो आणि 'ए-ई' म्हणजे साधा 'ए'.

ज्या पुस्तकाचं रेकॉर्डिंग वापरणार त्याचाच उच्चार धरा. विद्यापीठांत प्राचीन उच्चार चालतो. घर कॅथलिक असेल, मूल चर्चच्या गायनात असेल, तर चर्चचा उच्चार कामाला येईल. साठच्या दशकापर्यंत मिस्सा (कॅथलिक चर्चमधली मुख्य उपासना) लॅटिनमध्येच होत असे, त्यामुळे गोव्याकडच्या किंवा वसईच्या घरांत आजीला अजून काही ओळी तोंडपाठ असतात. तिच्याकडून म्हणवून घ्या.

पुढे उच्चार बदलायची वेळ आली तर फार त्रास होत नाही. स्वरांचं ऱ्हस्व-दीर्घ मात्र पहिल्या दिवसापासून पाळा, अक्षरावरची आडवी रेघ त्याच्यासाठीच असते. नुसत्या 'आ'च्या लांबीवर विभक्ती बदलते. आणि देवनागरीत लॅटिन लिहून देण्याची सवय लावू नका. उच्चार समजावण्यापुरतं ठीक, वहीत रोमन लिपीच.

९. आम्ही हिंदू आहोत. पुस्तकात ख्रिस्ती प्रार्थना पाठ करायला दिल्या आहेत. काय करावं?

वगळा. मेमोरिया प्रेसच्या सुरुवातीच्या पुस्तकांत प्रार्थना आणि स्तोत्रं आहेत, पण व्याकरणाची साखळी त्यांच्यावर अडत नाही. काही घरं त्या युरोपच्या इतिहासाचा भाग म्हणून वाचतात, पाठ करत नाहीत. हेन्लेमध्ये मजकूर स्वाध्यायांच्या वाक्यांतच मिसळलेला आहे, तिथे वगळणं अवघड. हे खटकणार असेल तर ते पुस्तकच नको.

केंब्रिज, मिनिमस, लिन्नी, व्हीलॉक यांत धार्मिक शिकवण नाही. ऑर्बर्गचं जग प्राचीन रोमन आहे. फक्त २८व्या प्रकरणात लिडिया नावाचं पात्र बायबलमधला उतारा वाचून दाखवतं.

१०. गोष्टींमध्ये गुलाम आहेत, मारहाण आहे. लहान मुलाला कसं वाचायला द्यायचं?

रोम गुलामांच्या जिवावर उभं होतं. ते वगळून रोम शिकवता येत नाही. अडचण आहे ती जुन्या पुस्तकांच्या सुराची: गुलाम आळशी, विनोदी, मालकावर खूश असलेला. वाचताना थांबून विचारा की ही गोष्ट त्या गुलामाने सांगितली असती तर कशी झाली असती. केंब्रिजने २०२२ च्या ब्रिटिश आवृत्तीत या बाबतीत बराच बदल केला आहे. दहाच्या आतल्या मुलाला 'फामिलिया रोमाना' एकट्याने वाचायला देऊ नका, शेजारी बसा.

११. मला शाळेत संस्कृत होतं. त्याचा काही उपयोग?

भरपूर, आणि इथेच मराठी पालक बहुतेक अमेरिकन पालकांच्या पुढे असतात. त्यांना 'केस' म्हणजे काय हे समजायलाच महिना जातो. तुम्हाला विभक्ती म्हटलं की तक्ता डोळ्यांपुढे येतो.

नॉमिनेटिव्ह म्हणजे प्रथमा, अॅक्युझेटिव्ह द्वितीया, डेटिव्ह चतुर्थी, जेनिटिव्ह षष्ठी, व्होकेटिव्ह संबोधन. अॅब्लेटिव्ह तेवढं गाठोडं आहे: तृतीया, पंचमी आणि बरीचशी सप्तमी त्यात कोंबलेली. वेगळी सप्तमी उरली ती शहरांची नावं आणि 'घरी' अशा मोजक्या शब्दांपुरती. द्विवचन नाही, म्हणजे ओझं कमी. नपुंसकलिंगात प्रथमा आणि द्वितीया सारखीच, 'फलम्, फलम्' सारखी. तीन लिंगं मराठीत आहेतच, हा हिंदी घरांनाही न मिळणारा फायदा. क्रियापद बहुधा शेवटी, 'द'-'अ' अशी उपपदं नाहीत, हेही ओळखीचं.

उपयोगाची खरी जागा पुढे येते. 'ऊर्बे काप्ता', म्हणजे 'शहर घेतल्यावर', ही रचना इंग्रजीतून समजावताना पुस्तकं पानंच्या पानं खर्च करतात. 'सूर्ये अस्तं गते' आठवलं की काम झालं, तीच सति सप्तमी. लांब वाक्य आलं की मुलाला शब्दांच्या क्रमाने भाषांतर करू देऊ नका. श्लोकाचा अन्वय लावतात तसा लावायला शिकवा: क्रियापद शोध, कर्ता शोध, कोणाचं विशेषण कोणाला ते जुळव.

१२. मराठी किंवा संस्कृतमुळे गोंधळही होतो का?

होतो, पण ठरावीक जागी. मराठीत 'मुलाला पाहिलं' आणि 'मुलाला दिलं' दोन्हीकडे 'ला'. लॅटिनमध्ये पहिलं द्वितीयेत, दुसरं चतुर्थीत. मराठी चांगलं बोलणारी मुलं इथे हमखास अडखळतात. दुसरं, 'रामाने आंबा खाल्ला' मध्ये कर्त्याला 'ने' लागतो आणि क्रियापद आंब्याच्या मागे जातं. लॅटिनमध्ये कर्तरी वाक्यात भूतकाळातही कर्ता प्रथमेतच राहतो आणि क्रियापद त्याच्याशीच जुळतं. एवढी दोन ठिकाणं आधीच दाखवून ठेवा.

संस्कृतवाल्या पालकांचा धोका वेगळा. 'हे तर आपलंच' म्हणत दर शब्दाचं मूळ शोधण्यात तास जातो. मातेर-मातृ, सेप्तेम-सप्त ही नाती खरी आहेत आणि मजेची आहेत, पण ती जेवणाच्या टेबलावर.

१३. रोज किती वेळ द्यावा?

दहाच्या आत पंधरा-वीस मिनिटं, त्यापुढे अर्धा तास, हायस्कूलला पाऊण ते एक तास. आठवड्यातून चार-पाच दिवस. शनिवारी एकदम तीन तास केल्याने रूपं बसत नाहीत. यातली पहिली पाच मिनिटं जुन्या शब्दांची तोंडी उजळणी, आणि ती प्रवासात, गाडीतही चालते. यापैकी काहीच निभणार नसेल तर या वर्षी सुरू करू नका (प्रश्न ३: घाई कशाचीच नाही).

१४. ड्युओलिंगोवर भागेल का?

नाही. तिथला लॅटिन कोर्स लहान आहे, लवकर संपतो, आणि विभक्तीचा तक्ता समोर मांडत नाही. अभ्यासासोबत विरंगुळा म्हणून ठीक.

१५. पुस्तकांचा खर्च फार होतो. फुकट किंवा सेकंडहँड चालेल?

फुकटात उत्तम गोष्टी आहेत. बेंजामिन डूज यांचं 'लॅटिन फॉर बिगिनर्स' प्रोजेक्ट गुटेनबर्गवर आहे, आणि अॅलन व ग्रीनो यांचं १९०३ चं व्याकरण आजही संदर्भासाठी उघडलं जातं. जुन्या पुस्तकांची अडचण म्हणजे ती वर्गातल्या शिक्षकाला धरून लिहिलेली आहेत, घरच्या पालकाचा हात धरत नाहीत.

सेकंडहँड घेताना आवृत्ती पाहा. व्हीलॉकची स्वाध्यायपुस्तिका ज्या आवृत्तीची, मुख्य पुस्तकही त्याच आवृत्तीचं हवं. केंब्रिजचा घोळ याहून वाईट: ब्रिटिश आणि उत्तर अमेरिकी आवृत्त्या वेगळ्या आहेत आणि दोन्हींत 'पाचवी आवृत्ती' आहे. मुखपृष्ठ पाहून ऑर्डर देऊ नका, विकणाऱ्याकडून आयएसबीएन क्रमांक मागून घ्या. वापरलेली वही घेऊ नका. पेन्सिलीने लिहिलेली उत्तरं खोडण्यात जी संध्याकाळ जाते तिची किंमत नव्या वहीपेक्षा जास्त आहे.

१६. दोन मुलं आहेत, आठ आणि अकरा वर्षांची. एकत्र शिकवू का?

पहिल्या वर्षी चालतं, धाकट्याने फक्त तोंडी भाग करायचा. दुसऱ्या वर्षापासून वेगळं करा. धाकटं पुढे गेलं तर थोरलं लॅटिनचाच राग धरतं, आणि असं होणं अजिबात दुर्मीळ नाही.

१७. पुस्तक आवडत नाही. वर्षाच्या मधेच बदलू का?

आधी शोधा की नावडतं काय आहे. काळ वाढले, रूपं साठली आणि सगळं अवघड झालं, हा टप्पा प्रत्येक पुस्तकात येतो. तो बदलाने टळत नाही. अशा वेळी तीन आठवडे नवीन धडा थांबवून उजळणी करा. पण पालकच तो तास टाळायला लागला असेल तर बदला, वर्षअखेरीची वाट पाहू नका.

बदलताना एक अडचण कोणी सांगत नाही: तक्त्याचा क्रम. अमेरिकन पुस्तकांत तो प्रथमा, षष्ठी, चतुर्थी, द्वितीया, अॅब्लेटिव्ह असा. ब्रिटिश परंपरेत आणि ऑर्बर्गकडे प्रथमेनंतर द्वितीया लवकर येते, षष्ठी मागाहून. एका क्रमाने तालात पाठ केलेलं मूल दुसऱ्या क्रमाचा तक्ता पाहून 'मला येतच नाही' म्हणतं. जुना क्रम तसाच म्हणू द्या, नव्या पुस्तकातले तक्ते हाताने पुन्हा लिहून घ्या.

१८. मूल बरोबर शिकतंय हे बाहेरून तपासता येईल का?

नॅशनल लॅटिन एक्झाम द्या. १९७८ पासून चालू असलेली ही परीक्षा होमस्कूलच्या मुलांनाही देता येते. ४० बहुपर्यायी प्रश्न असतात. भाषेबरोबर रोमचा इतिहास, भूगोल, पुराणकथा, लॅटिनवरून आलेले इंग्रजी शब्द हेही विचारतात. फक्त तक्ते घोकलेल्या मुलांचे गुण इथे जातात. जुन्या प्रश्नपत्रिका उत्तरांसह फुकट मिळतात, त्या आधी घरी सोडवा. परीक्षा हिवाळ्याच्या शेवटी असते, नावनोंदणी त्याच्या बरीच आधी.

१९. एपी लॅटिनची तयारी कोणत्या पुस्तकाने करावी? जुनी गाइडं चालतील?

एपी म्हणजे हायस्कूलमध्ये असताना द्यायची कॉलेजच्या पातळीची परीक्षा. २०२५-२६ पासून तिचा अभ्यासक्रम बदलला. सीझर गेला, धाकट्या प्लिनीची पत्रं आली. व्हर्जिलचं 'ईनीड' हे महाकाव्य कायम आहे. सीझर-व्हर्जिल असं छापलेली गाइडं अर्धी निरुपयोगी आहेत. हेन्लेसारखी सीझरच्या दिशेने नेणारी पुस्तकं पाया म्हणून चालतील, पण त्यानंतर प्लिनीची सवय वेगळी लावावी लागेल.

होमस्कूलच्या मुलाला परीक्षेसाठी जवळची एखादी शाळा शोधावी लागते, जी बाहेरच्या मुलाला बसू देईल. शाळा परीक्षांची ऑर्डर नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत देतात, म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच फोन सुरू करा. कोर्सच्या नावात 'एपी' लिहायचं असेल तर ही परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाची मान्यता लागते. ती नसेल तर ट्रान्स्क्रिप्टवर (हायस्कूलच्या गुणपत्रकावर) 'अॅडव्हान्स्ड लॅटिन' लिहा आणि परीक्षेचे गुण वेगळे दाखवा. एसएटीची लॅटिनची विषय-परीक्षा २०२१ मध्ये बंद झाली, तिची चौकशी करू नका.

२०. कॉलेजला किती वर्षांचं लॅटिन दाखवावं लागतं? सातवी-आठवीतलं धरतात का?

कॉलेजागणिक वेगळं. उदाहरणार्थ, युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया इंग्रजीखेरीज एका भाषेची दोन वर्षं मागते आणि तीन असावीत असं सुचवते. लॅटिन त्यात बसतं. दोन भाषांची एकेक वर्षं मिळवून दोन होत नाहीत, हे लक्षात ठेवा. ट्रान्स्क्रिप्टवर पुस्तकाच्या नावापेक्षा पातळी लिहा: लॅटिन १, लॅटिन २. आठवीआधी चार वर्षं 'लॅटिन फॉर चिल्ड्रन' केलं म्हणून चार क्रेडिट होत नाहीत. मूल नववीत थेट 'लॅटिन २'ला बसतंय, हाच त्याचा दाखला.

२१. रविवारची मराठी शाळा आणि लॅटिन, दोन्ही झेपत नाही. काय सोडू?

लॅटिन. ते चौदाव्या वर्षीही सुरू करता येतं, आजीशी बोलायचं मराठी तेव्हा सुरू करता येत नाही. पण बहुधा सोडायची वेळच येत नाही: बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या (उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या संघटनेच्या) शाळांचा अभ्यास बहुतेक ठिकाणी आठवड्यातून एकदाच असतो, लॅटिन चार दिवसांवरून तीनवर आणलं तरी जमून जातं. मराठीही शैक्षणिक नोंदीत दाखवायची असेल तर अॅव्हंटची स्टँप ही भाषेच्या प्रावीण्याची परीक्षा मराठीत देता येते. कॉलेजच्या भाषेच्या अटीसाठी ती चालेल का, हे प्रवेश कार्यालयाला आधी लेखी विचारा.

२२. दोन वर्षांत भारतात परत जायचं आहे. तरी सुरू करू का?

मुलाला आवड असेल तर करा, पण लांबलचक मालिका विकत घेऊ नका. परतल्यावर लॅटिन शिकवणारं कोणी जवळ सापडणं कठीण, संस्कृत मात्र अनेक शाळांत आहे, आणि विभक्तीची सवय तिथे थेट उपयोगी पडते. एका पुस्तकात पुरं होणारं काहीतरी घ्या. लिन्नी (प्रश्न ६) त्यासाठी बरं.

२३. मुलगा आता माझ्या पुढे गेला. त्याची भाषांतरं मला तपासता येत नाहीत. अभ्यासक्रम बदलू की शिक्षक शोधू?

शिक्षक शोधा, पुस्तक तेच ठेवा. हा प्रश्न बहुधा तिसऱ्या वर्षी, काल्पनिक वाक्यं संपून खरे लेखक सुरू झाले की येतो. तिथे एकाच वाक्याची तीन भाषांतरं बरोबर असू शकतात आणि उत्तरपुस्तिकेत एकच असतं. ऑनलाइन वर्ग घेताना विचारा की लेखी काम तपासून परत मिळतं का. नुसत्या व्याख्यानाला पैसे देऊ नका, ते व्हिडिओतही मिळतं. सोळा-सतराव्या वर्षी जवळच्या कम्युनिटी कॉलेजात लॅटिन असेल तर ड्युअल एनरोलमेंटने एकाच कोर्सचं हायस्कूलचं आणि कॉलेजचं क्रेडिट मिळू शकतं. अनेक कम्युनिटी कॉलेजांत लॅटिन नसतं, म्हणून वर्षभर आधी त्यांचं वेळापत्रक पाहून ठेवा. शब्दांची रोजची तोंडी उजळणी मात्र अजूनही तुम्हीच घ्या. त्याला उत्तरं समोर असलेली यादी पुरते.